अभ्यासक्रम कोण ठरवतं आणि तो ‘पुरा’ कधी होतो?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. दाभोळ खाडीच्या काठावर आमचं गाव. जिल्हा परिषदेची शाळा आहे, सातवीपर्यंत. पट दरवर्षी घटतोय, कारण निम्म्या वाडीची दारं आता गणपतीत आणि शिमग्यातच उघडतात. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. पुढच्या बैठकीत शाळा विकास आराखडा ठरवायचा आहे, म्हणून हा धागा.

मागच्या बैठकीत एका आईने गुरुजींना विचारलं, “सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ आहे, खाडी शाळेच्या मागे आहे. मग पोरं खाडीवर का जात नाहीत?” गुरुजी म्हणाले, “ताई, अभ्यासक्रम पुरा करायचाय, त्यात वेळ कुठून काढू?” गुरुजी कामसू आहेत, टाळाटाळ करणारे नाहीत. त्या आईचा प्रश्नही रास्त होता. पण मला खटकलं ते वेगळंच. खाडीवर जाणं हे अभ्यासक्रमाच्या बाहेरचं काम आहे, हे दोघांनीही धरून चाललं होतं. एकाला ते हवं होतं आणि दुसऱ्याला परवडत नव्हतं, एवढाच फरक.

अभ्यासक्रम म्हणजे पुस्तकातले पाठ संपवणं असेल, तर गुरुजींचं म्हणणं मान्य करून गप्प बसावं लागेल. पण भरती-ओहोटी मुलाला कळणं हा अभ्यासक्रम असेल, तर खाडीवर न जाता तो पुरा झाला असं म्हणायचं कसं? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. तरी बैठकीत नुसतं मत चालत नाही. कायदा काय म्हणतो, हे ठरवतं कोण, गावाला त्यात किती हात घालता येतो, हे जाणकारांनी सांगावं.

चाकरमानी

मूळ गाव गुहागर तालुक्यात, सध्या विरार. स्पष्ट बोलतो. कोकण विभागीय मंडळ वेगळं झाल्यापासून दहावीच्या निकालात कोकण राज्यात पहिला आहे. २०२४ ला ९९.०१ टक्के लागला. हे आपोआप झालेलं नाही, शिक्षकांनी पाठ वेळेत संपवून सराव घेतला म्हणून झालं. पुस्तकाबाहेरच्या गोष्टींना हात घातला की मधल्या मुलांचं नुकसान होतं. हुशार मूल कुठेही शिकतं, मधल्या मुलाला मात्र पोर्शन पूर्ण होण्याचाच आधार असतो. खाडी कुठे पळून जात नाही, रविवारी दाखवा.

चौकट

खाडीकाठ, तुमचा प्रश्न मोलाचा आहे. मी शिक्षक प्रशिक्षणात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण ज्याला सरसकट अभ्यासक्रम म्हणतो त्यात चार-पाच थर आहेत. सगळ्यात वर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, सध्याचं २०२० चं. त्याखाली अभ्यासक्रमाचा आराखडा (तुमच्या शाळा विकास आराखड्याहून वेगळा). देशाचे आराखडे १९७५, १९८८, २००० आणि २००५ ला आले. पुढे २०२२ ला पायाभूत स्तराचा (तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा) आणि २०२३ ला संपूर्ण शालेय शिक्षणाचा आला. महाराष्ट्राने स्वतःचे आराखडे २०१० आणि २०२४ ला केले. मुलांना काय आणि कशासाठी शिकवायचं याचा विचार आराखड्यात असतो. त्यावरून इयत्तावार, विषयवार पाठ्यक्रम होतो. त्यानंतर पाठ्यपुस्तक, जे आपल्याकडे १९६७ पासून बालभारती काढते. मग शिक्षकाचं वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि पाठाचं टाचण. शेवटी वर्गात मुलाच्या वाट्याला जे प्रत्यक्ष येतं ते. गावाला यातलं फक्त पुस्तक दिसतं, कारण हातात घेता येण्यासारखं तेवढंच असतं. म्हणून पुस्तक संपलं की सगळं संपलं असं वाटतं.

१९४९ साली शिकागो विद्यापीठातल्या राल्फ टायलर यांनी अभ्यासक्रम करणाऱ्यांपुढे चार प्रश्न ठेवले. शाळेने कोणती उद्दिष्टं गाठायची? त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे? ते अनुभव कोणत्या क्रमाने लावायचे? उद्दिष्ट गाठलं की नाही हे कसं ओळखायचं? पुढे या मांडणीवर टीकाही पुष्कळ झाली, मूल म्हणजे कारखान्यातला माल नव्हे, असं म्हणणारे बरेच होते. पण गावच्या बैठकीत हे चार प्रश्न अजूनही कामाचे आहेत. यात ‘किती पाठ झाले’ हा प्रश्न नाही, हे ध्यानात घ्या.

आता कायदा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. कलम २९ नुसार अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत शैक्षणिक प्राधिकरण ठरवतं. आपल्या राज्यात ते काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. म्हणजे अभ्यासक्रम गावाला बदलता येत नाही. पण ठरवताना काय ध्यानात घ्यायचं हेही त्याच कलमात आहे. मुलाच्या ज्ञानाची आणि क्षमतेची वाढ, कृतीतून आणि शोधातून शिकणं, शक्य तितकं मातृभाषेतून शिकवणं, मुलाला भीतीपासून मोकळं ठेवणं, आणि ज्ञान वापरता येतं का याचं सातत्यपूर्ण मूल्यमापन. तुमची खाडी यात कुठेही बाहेर पडत नाही.

गुरुजींची अडचण खोटी नाही. कलम २४ मध्ये ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलं आहे. पण त्याला लागूनच दुसरं कर्तव्य आहे: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरज असेल तिथे जादा शिकवणं. तपासणीला येणारा पहिलं विचारतो, दुसरं सहसा विचारत नाही. म्हणून शिक्षक पहिल्याला घाबरून असतो. मधल्या मुलाची काळजी चाकरमानींनी मांडली ती खरी आहे, पण त्या मुलासाठी कायद्याने केलेली तरतूद या दुसऱ्या कर्तव्यात आहे.

रापणकार

मी माझ्या भाषेत लिवतंय. माझो झिल सातवेक आसा. सुंगटा (कोळंबी) खयच्या पाण्यात गावतत, वारो फिरलो काय होडी खय आणूची, ह्या तेका माझ्यापेक्षा बरां कळता. शाळेन तेका ताच परत शिकवन काय उपेग? बँकेतसून कर्जाचो कागद येता तेवा माका दुसऱ्याकडसून वाचून घेवचो लागता. परवानो, विमो, डिझेलचो परतावो, सगळे कागद मोठ्या मराठीत नायतर इंग्रजीत. झिलाक ते वाचूक येवक व्हये, व्याज काढूक येवक व्हया. तुमी शिकलेली माणसा आमच्या पोरांका खाडी दाखवूक निघालात, आणि तुमची पोरा कोडिंग शिकतत. माका ह्या बरां दिसणा नाय. राग नको, पण इचार करा.

आमसूल

रापणकारभाऊंचं लिहिणं दोनदा वाचलं. या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद हाच आहे.

पाऊणकी

रापणकारभाऊ, मी निवृत्त शिक्षक. तुमचा आक्षेप जुना आहे आणि वजनदार आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. तेव्हापासून हीच शंका घेतली जाते: गरिबाच्या मुलाला चरखा आणि श्रीमंताच्या मुलाला पुस्तक, असं तर होणार नाही ना? स्थानिक ज्ञानाच्या नावाखाली मुलाला आहे तिथेच बांधून ठेवणारा अभ्यासक्रम मलाही नको.

पण त्याच्याही आधी महाराष्ट्रात एका माणसाने याचं उत्तर देऊन ठेवलंय. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं, ते त्यांनी त्यात नावानिशी लिहिलं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्याचे काही धडे. आता यात मोडी का? कारण त्या काळी कर्जरोखे, खतपत्रं, सरकारी दफ्तर मोडीत होतं. ज्याला मोडी येत नाही त्याला सावकार आणि कुलकर्णी दोघेही फसवणार. तुमचा बँकेचा कागद म्हणजे आजची मोडी. आणि त्याच यादीत शेतीही आहे. दोन्ही एका मुलासाठी, एका शाळेत. ‘हे की ते’ असा प्रश्न फुल्यांनी ठेवलाच नाही.

आता खाडीवर शाळेने काय शिकवावं, ज्यात तुमच्या मुलाला नवं मिळेल? एक उदाहरण देतो. आमच्या लहानपणी पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीचे पाढे घोकून घेत. ते कशासाठी हे शाळेने कधी सांगितलं नाही. माझे आजोबा तर शाळेत गेलेही नव्हते, पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. द्वितीयेला दीड वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. हा हिशेब तुमच्या मुलाला येतही असेल. पण तो का चालतो, हे त्याला घरी कुणी सांगणार नाही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, कारण पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी होईतो चंद्रही आपल्या कक्षेत पुढे गेलेला असतो. पन्नास मिनिटं म्हणजे पाऊण तासाहून थोडं जास्त. आजोबांचा हिशेब किती बरोबर आणि कुठे घसरतो, हे त्या सातवीतल्या मुलाने स्वतः काढून दाखवलं, तर त्याला अपूर्णांक आला, खगोल आला, आणि आपल्या माणसांचं ज्ञान तपासून बघता येतं हेही कळलं. शाळेचं काम तिथून सुरू होतं, जिथे घरचं संपतं.

रापणकार

गुरुजी, ह्या पटला. आमच्याकडे पण पाऊणपटच करतत. पण वेंगुर्ल्याक आणि रत्नागिरेक वेळ एकच येना नाय, कित्या ता माका कोणी सांगूक नाय.

सड्यावरून

रापणकारदादा, तुमचा हा प्रश्नच आमच्या वर्गात निघाला होता. मी रत्नागिरी तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. आमच्या अनुभवाचं लिहिते, कारण ‘वेळ नाही’ याचं उत्तर त्यात आहे.

द्विशिक्षकी शाळेत एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. तिसरीचा परिसर अभ्यास, चौथीचं गणित, पाचवीची मराठी वेगवेगळं घ्यायला गेलं तर दिवस पुरतच नाही. म्हणून मी उलटं केलं. विषय एक घेतला, प्रत्येक इयत्तेची खोली वेगळी ठेवली. जेट्टीच्या खांबाजवळ एक बांबू रोवला, त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाचा पट्टा. तिसरीची मुलं फक्त बघायची: आज मधल्या सुट्टीत पाणी कुठल्या पट्ट्याला आहे, कालच्यापेक्षा वर की खाली. चौथीची मुलं तक्ता भरायची आणि स्तंभालेख काढायची. पाचवीची मुलं वेळांची वजाबाकी करायची. तास-मिनिटांची वजाबाकी आमच्या मुलांना नेहमी जड जाते, कारण साठाचा हातचा असतो. इथे ती रोज करावी लागली, आणि कुणाला जबरदस्तीने बसवावं लागलं नाही.

महिनाभराच्या नोंदी भिंतीवर लागल्या तेव्हा उधाण (सगळ्यात मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) दोन्ही दिसू लागले. एका मुलीने बोट ठेवून दाखवलं की सगळ्यात मोठी भरती पौर्णिमेला आलीच नाही, त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत आली. पुस्तकात पौर्णिमा-अमावास्येला उधाण असं लिहिलंय. मुलं म्हणाली, आमचं चुकलं असेल. पुढच्या अमावास्येलाही तसंच झालं. मग आम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरतीचं वेळापत्रक पाहिलं, तर त्यातही तसंच. पाण्याच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्याला चंद्र-सूर्याच्या ओढीमागून यायला वेळ लागतो. पुस्तक चूक नाही, पण ते नियम सांगतं आणि खाडी तपशील सांगते.

तुम्ही विचारलेला जागेचा फरकही तिथेच आला. भरतीची लाट किनाऱ्याने सरकत जाते, त्यामुळे प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी. खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा. उंचीही सारखी नसते. मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या पुढे चढतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. उत्तरेकडे समुद्रबूड जमीन रुंद होत जाते, त्याचा हा परिणाम.

आता वेळेचं. यात पाठ बुडाले नाहीत. मापन, वेळ, स्तंभालेख, परिसर अभ्यासातले घटक यातच झाले आणि आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर चालणाऱ्या तपासणीच्या) नोंदी आपोआप तयार झाल्या. अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे त्या-त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याचा, तक्ता समोर ठेवून मी टाचणातच लिहिलं की कोणत्या इयत्तेची कोणती निष्पत्ती यात साधते. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आले, त्यांनी तक्ता पाहिला, मुलांना विचारलं. त्यांना हरकत घ्यायला काही नव्हतं. गुरुजींना माझा निरोप द्या: पाठ आधी आणि खाडी नंतर असं मांडलं तर वेळ कधीच मिळणार नाही.

आणखी एक. १९६० साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना मांडली. तीच कल्पना मुलांपुढे पुन्हा पुन्हा यावी आणि दरवेळी जास्त खोल जावी. भरतीचंच बघा. तिसरीत निरीक्षण, सातवीत भूगोलाचा पाठ, दहावीत गुरुत्वाकर्षण. पुस्तकांत ही साखळी आहे, पण सातवीच्या शिक्षकाला तिसरीत काय झालं हे माहीत नसतं, म्हणून ती तुटते. लहान शाळेत तेच दोन शिक्षक सगळ्या इयत्ता घेतात. ही आमची जमेची बाजू आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

चाकरमानी

बाई, हे वाचून माझं अर्धं मत बदललं. अर्धं राहिलंय. तुम्ही हे करू शकलात कारण तुम्ही तुम्ही आहात. शिक्षकाची बदली झाली की बांबू पडून राहतो. पुस्तक निदान बदलीनंतरही तेच असतं. सगळ्या मुलांना किमान एवढं तरी मिळेल, याची हमी पुस्तक देतं.

सड्यावरून

हे मान्य आहे, आणि याची मलाही काळजी वाटते. म्हणूनच ते शाळा विकास आराखड्यात लिहिलेलं असलं पाहिजे. आराखडा शाळेचा असतो, शिक्षकाचा नसतो. मुलांच्या नोंदवह्या शाळेच्या कपाटात राहिल्या पाहिजेत. नव्या शिक्षकाला त्या पहिल्याच आठवड्यात पालकांनी दाखवाव्यात.

आमसूल

मी शिक्षिका नाही. दोन मुलींची आई, वेंगुर्ल्याजवळ राहते. काय शिकवतात यावर सगळे बोललात. न शिकवता जे शिकवलं जातं त्यावर बोलायचंय.

१९६८ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन यांनी याला छुपा अभ्यासक्रम म्हटलं. तो कुठल्या पुस्तकात नसतो, पण रोज घेतला जातो. वर्ग झाडायला मुली आणि बाकं हलवायला मुलगे. पाहुणे आले की स्वागताचं तबक मुलीच्या हातात आणि सूत्रसंचालन मुलाकडे. मोठ्या मुलीला पहिलीत ‘खयं’ (कुठे) म्हणाली म्हणून ‘नीट बोल’ असं ऐकावं लागलं. तिने त्यानंतर वर्गात प्रश्न विचारणं सोडलं. रापणकारभाऊ इथे मालवणीत लिहून गेले आणि त्यांचा मुद्दा सगळ्यांना कळला. मग वर्गात का कळू नये? प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे, भाऊ म्हणतात त्या मोठ्या मराठीतले कागद वाचायला ती लागते. पण पहिलीतल्या लेकराचं तोंड बंद करून ती येत नाही. कायदाच मातृभाषेतून शिकवा म्हणतो, हे वर चौकटताईंनी लिहिलंय.

दुसरी गोष्ट, जी नाहीच. ज्याचा शाळेत उल्लेखही होत नाही, त्याला अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एलियट आयस्नर शून्य अभ्यासक्रम म्हणत, आणि त्याचाही मुलांवर परिणाम होतो असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या किनाऱ्यावर ती गोष्ट म्हणजे पोहणं. समुद्राच्या, खाडीच्या, विहिरीच्या काठावर मुलं वाढतात. मुलगे एकमेकांचं बघून शिकतात, त्यातले काही जिवाला मुकतात. मुलींना तर कुणी पाण्यात उतरूच देत नाही. आमच्या वाडीत पोहता येणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. शारीरिक शिक्षणाच्या तासाला कवायत होते, लंगडी होते, पोहणं होत नाही. ते अभ्यासक्रमात नाही म्हणून कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न आहे हे मला कळतं. पण पाण्याच्या काठावरच्या मुलीला पोहायला न शिकवणं हे सुरक्षित कसं? बुडणाऱ्याला काठीने किंवा दोरीने कसं ओढायचं, भरती चढताना पुळणीवरून कधी मागे फिरायचं, ओहोटीला पाणी आत कसं खेचतं, एवढं तरी शाळेने शिकवावं. त्याला तलाव लागत नाही.

खाडीकाठ, तुमच्या आराखड्यात भरतीच्या तक्त्याआधी हे लिहा, अशी माझी विनंती आहे.

डहाणू_लोकल

उत्तर कोकणातून लिहितोय. वेळेचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं एक काम सांगायलाच हवं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण लहान भावंडं सांभाळायची असत, गुरं चारायची असत. मुलं येत नाहीत असा शेरा मारून त्या थांबल्या नाहीत. मुलं कुठल्या वेळी कुठे असतात ते पाहिलं. लहानग्यांसाठी पाड्यावरच्या अंगणात वर्ग भरवला, ती अंगणवाडी. गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणावर शाळा नेली, ती कुरणशाळा. गुरं चरत असताना शिक्षण चालायचं. साधनं महागडी आणणं शक्य नव्हतं. म्हणून माँटेसरीच्या साधनांच्या जागी बिया, शंख, पानं, दगड आले. अंगणवाडी हे नाव १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून पुढे देशभर गेलं.

माझ्या मते अभ्यासक्रमाचा अर्थ याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. काय शिकवायचं हे त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. भाषा, मोजणी, स्वच्छता, गाणी, हातकाम सगळं आखलेलं होतं. पण जागा, वेळ आणि वस्तू त्यांनी मुलाच्या दिवसातून घेतल्या. आपण पाठांची यादी ठरवतो आणि वेळापत्रक आकाशातून पडल्यासारखं मानतो. कोकणात जुलैत लावणी असते, तरवा (भाताची रोपं) काढायला घरातलं लहान-मोठं माणूस लागतं, हजेरी पडते. आणि नेमके त्याच दिवसांत आपण वर्षाचे पायाचे घटक घेतो. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. त्या काळात मच्छीमार घरी असतात, जाळी विणतात, होड्या डागडुजीला काढतात. त्यांना वर्गात बोलवायला हाच काळ उत्तम. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, किती मोठा ठेवायचा आणि का, हे मापन आणि पर्यावरण दोन्ही आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचं काम स्थानिक प्राधिकरणाकडे दिलं आहे. पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवी २२० कामाचे दिवस, तास अनुक्रमे ८०० आणि १०००, हे पाळावंच लागतं. पण कोणता घटक जुलैत आणि कोणता डिसेंबरात, हे शाळेच्या हातात आहे. लावणीच्या दिवसांत नवा अवघड घटक घेऊ नका, एवढं जरी वार्षिक नियोजनात लिहिलं तरी खूप झालं.

चाकरमानी

जुलैचा मुद्दा मला अगदी पटला. आमच्या वेळी भागाकार त्याच दिवसांत व्हायचा, आणि वर्गातली शेतकऱ्यांची मुलं भागाकारात कायमची मागे राहिली. त्यांना ढ ठरवलं गेलं. ती ढ नव्हती.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. आमसूलताई, तुमचं आधी घेतो. पाण्याची सुरक्षितता पहिल्या क्रमांकावर, आणि मुलींनाही मुलांइतकंच. आमच्याकडे एक निवृत्त नाविक आहेत, त्यांना विचारतो. दुसरं, वार्षिक नियोजनात जुलै हलका ठेवणं, हे गुरुजींना आवडेल असं वाटतं. तिसरं, भरतीची नोंद, पण सगळ्या इयत्ता मिळून आणि टाचणात निष्पत्ती लिहून. चौथं, रापणकारभाऊंचं: सातवीच्या गणितात व्याज आहेच, ते खऱ्या कर्जाच्या कागदावरून घ्यायचं, नाव-गाव झाकून. कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सचिवांनी कोरे नमुने द्यायचं कबूल केलंय.

एक शंका राहते. मुलांना खाडीवर नेताना काही झालं तर जबाबदारी गुरुजींवर येईल, ही त्यांची भीती मी बैठकीत कशी दूर करू?

चौकट

दूर करू नका, वाटून घ्या. समितीचा लेखी ठराव करा. कायद्याप्रमाणे समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, त्यामुळे हा ठराव पालकांचाच असतो. प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या, केंद्रप्रमुखांना आधी कळवा. दर वेळी गुरुजींबरोबर दोन पालक हवेत आणि त्यातला एक पट्टीचा पोहणारा हवा. मुलांनी जेट्टीवरूनच वाचन करायचं, चिखलात उतरायचं नाही. पावसाळ्यात फक्त मोठ्या माणसाने वाचून मुलांना आकडा द्यावा.

रापणकार

आमच्याकडे होडयेर लाइफ जाकिटा आसतत. बंदीच्या दिवसात पडानच आसतत. तुमच्या गावातल्या होडीवाल्यांका विचारा, देतले.

सड्यावरून

दिवस निवडताना पाऊणकी सरांचा हिशेब वापरा. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी बाराच्या आगेमागे भरती, आणि अष्टमीला साधारण त्याच वेळी ओहोटी. दोन्ही शाळेच्या वेळेत बसतात, पहाटे किंवा संध्याकाळी मुलांना बोलवावं लागत नाही. तुम्ही खाडीत आत असाल तर थोडं उशिरा धरा. वर्षाच्या सुरुवातीलाच हे दिवस दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवा, सहामाहीच्या तारखा आणि गणपतीची सुट्टी सोडून. तक्त्याचा नमुना मी टाइप करून याच धाग्यावर टाकते.